डॉक्टर हार्वे कुशिंग

मानवी देहांतील कांहीं अवयव आकारानें अगदीं लहान, परंतु अधिकारानें फार मोठे असतात. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी अथवा पोषग्रंथि ही त्यांपैकींच एक होय. ती केवळ वाटाण्याएवढी. पण मुलांची उंची, अंगांतील मेद, रक्तांतील साखर व इतर ग्रंथींचे व्यवहार यांवर तिची हुकमत चालते. या ग्रंथीचें गूढ उकलण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या डॉक्टर हार्वे कुशिंग यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

कुशिंग यांचा जन्म ता. ८ एप्रिल १८६९ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलँड शहरीं झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे वडील, आजोबा व पणजोबा हे तिघेहि वैद्यकीचा धंदा करीत. येल येथील शिक्षण संपवून १८९५ सालीं हार्वर्ड येथें ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेंत रोग्यास ईथर देण्याचें काम त्यांजकडे आलें असतां तो रोगी दगावला. या प्रसंगानें ते फार व्यथित झाले. परंतु नुसता शोक करीत न बसतां, शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याची नाडी व श्वास यांची नोंद ठेवण्याची पद्धति त्यांनीं एका सहाध्यायाच्या मदतीनें सुरू केली. पुढें १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रिव्हा-रोच्ची यांचें रक्तदाब मोजण्याचें यंत्र त्यांनीं पाहिलें आणि तें अमेरिकेंत आणून त्याचा प्रसार केला.

त्याच सुमारास बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत एक किशोरवयीन मुलगी त्यांजकडे आली. तिचें डोकें दुखे, दृष्टि मंदावत चालली होती, शरीर स्थूल झालें होतें, आणि वयांत येण्याचीं चिन्हें मात्र दिसत नव्हतीं. शस्त्रक्रिया करूनहि व्याधीचें मूळ सांपडलें नाहीं. मुलगी मरण पावल्यावर शवपरीक्षेंत पोषग्रंथीपाशीं गांठ असल्याचें कळून आलें. हें अपयश कुशिंग यांनीं लपविलें नाहीं. उलट, ती हकीकत प्रसिद्ध करून ते या ग्रंथीच्या अभ्यासास लागले. १९०९ सालीं लंडन येथें सर आर्थर कीथ यांच्यासह त्यांनीं चार्ल्स बर्न या अठराव्या शतकांतील आयरिश राक्षसकाय पुरुषाची कवटी तपासली. तेथील पोषग्रंथीची खोबण वाजवीपेक्षां मोठी आढळली, आणि त्याच्या अवाढव्य उंचीचें कारण स्पष्ट झालें.

१९१२ सालीं पोषग्रंथीच्या विकारांवर त्यांनीं मोठा ग्रंथ लिहिला व त्याच वर्षीं ते बोस्टन येथील रुग्णालयांत गेले. १९३२ सालीं त्यांनीं अशा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें कीं, ज्यांचा चेहरा वाटोळा होई, धडावर मेद सांचे, रक्तदाब चढे व हाडें ठिसूळ होत. पोषग्रंथींतील लहानशा गांठीमुळें हें घडतें असें त्यांनीं प्रतिपादिलें. हा रोग आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

मेंदूंतील गांठींच्या दोन हजारांहून अधिक रोग्यांवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या. ते स्वभावानें कडक होते, सहाय्यकांना त्यांचा धाक वाटे. परंतु रोगी घरीं गेला म्हणजे आपलें काम संपलें असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं. पुढें वर्षानुवर्षें पत्रें पाठवून ते त्याच्या प्रकृतीची चौकशी करीत.

या चौकशीचें मोल आज अधिकच कळतें. बालपणीं पोषग्रंथीजवळ गांठ झालेलीं बहुतेक मुलें आतां वांचतात. पण गांठीमुळें अथवा उपचारामुळें भूक आवरणारें मेंदूचें केंद्र दुखावलें, तर मूल कितीहि संयमी असलें तरी त्याचें वजन वाढत जातें. ग्रंथीचे स्राव कमी पडतात व ते औषधरूपानें जन्मभर द्यावे लागतात. रक्तांत चरबी वाढणें, मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका प्रौढपणीं अधिक असतो. कुशिंग यांच्या रोगांत तर गांठ निघाल्यावरहि कित्येकांचा रक्तदाब चढलेलाच राहतो. म्हणून अशा मुलांचें वजन, रक्तदाब, साखर व हृदय यांची तपासणी जन्मभर होत राहावी लागते. अशा मुलास खादाड अथवा आळशी म्हणून हिणविणें हा मोठा अन्याय होय. मुलाची उंची वाढेनाशी झाली, वजन एकाएकीं वाढूं लागलें, डोकें वारंवार दुखूं लागलें अथवा दृष्टि कमी झाली, तर पालकांनीं विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.

कुशिंग हे लेखकहि होते. सर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल त्यांना १९२६ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं त्यांचा थोरला मुलगा अपघातांत गेला. ती वार्ता कळल्यावरहि, शस्त्रक्रियेसाठीं वाट पाहत असलेल्या रोग्याचें काम त्यांनीं प्रथम पुरें केलें. इतरांच्या देहाची एवढी काळजी वाहणाऱ्या या पुरुषानें स्वतःचें धूम्रपान मात्र आवरलें नाहीं. पायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानें ते जर्जर झाले, आणि ता. ७ ऑक्टोबर १९३९ रोजीं न्यू हेवन येथें हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थी मित्रहो, अपयशाची प्रामाणिक नोंद ठेवणें आणि हातीं घेतलेल्या मनुष्याची अखेरपर्यंत विचारपूस करणें, हे दोन गुण या चरित्रांत ठळक दिसतात. जखम भरली म्हणजे रोगी बरा झाला असें नव्हे; त्यापुढील आयुष्य त्यास सुखानें जगतां यावें, हेंच उपचाराचें खरें फळ होय.