अ‍ॅना फ्रॉइड : मुलांचं मन वाचणारी प्राथमिक शिक्षिका



डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या पेपरसाठी संरक्षण यंत्रणा आपण सगळ्यांनीच पाठ केल्या होत्या. दमन, प्रक्षेपण, प्रतिगमन वगैरे. टीप लिहायची, गुण मिळवायचे आणि विसरून जायचं. पण या यंत्रणांची नीट मांडणी करून त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बाई मुळात आपल्यासारख्याच प्राथमिक शिक्षिका होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज त्यांचीच ओळख करून घेऊ. त्यांचं नाव अ‍ॅना फ्रॉइड. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅनाबाई.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅना फ्रॉइड यांचा जन्म 3 डिसेंबर 1895 रोजी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात झाला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे वडील. सहा भावंडांत त्या शेंडेफळ. घरात वडिलांकडे मोठमोठी माणसं यायची, चर्चा व्हायच्या आणि ही मुलगी कोपऱ्यात बसून ऐकायची. कॉटेज लायसियम या शाळेतलं शिक्षण 1912 मध्ये संपलं. पुढे त्या विद्यापीठात गेल्या नाहीत आणि डॉक्टरही झाल्या नाहीत. शिक्षिकेची परीक्षा दिली आणि स्वतःच्याच शाळेत लहान वर्गांना शिकवू लागल्या.

ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. खाण्यापिण्याची टंचाई, त्यात बाईंना क्षयरोगानं गाठलं. शेवटी 1920 साली त्यांनी शाळेची नोकरी सोडली. पण त्या पाचेक वर्षांत एक सवय लागली, ती जन्मभर टिकली. मूल काय करतं ते बघायचं, आणि ते तसं का करतं याचा लगेच निकाल लावायचा नाही.

मुलांवर उपचार

1922 मध्ये त्या व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेच्या सभासद झाल्या आणि पुढच्या वर्षी उपचारांचं काम सुरू केलं. त्याच 1923 साली वडिलांना जबड्याचा कॅन्सर झाला. पुढची सोळा वर्षं वडिलांची शुश्रूषा आणि मुलांवरचे उपचार ही दोन्ही कामं त्यांनी बरोबरीनं केली.

मोठा माणूस स्वतःहून उपचाराला येतो. मूल मात्र येत नाही, त्याला कोणीतरी आणतं. त्यामुळे आधी त्याचा विश्वास मिळवावा लागतो आणि घर व शाळा यांनाही बरोबर घ्यावं लागतं, असं त्या मानत. डोरोथी बर्लिंगहॅम आणि एव्हा रोझनफेल्ड या मैत्रिणींबरोबर त्यांनी 1927 साली व्हिएन्नात एक छोटी शाळाही काढली. तिथल्या तरुण शिक्षकांपैकी एक होते एरिक एरिक्सन. हो, तेच, ज्यांचे विकासाचे आठ टप्पे आपण परीक्षेसाठी घोकले! शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांतल्या शिक्षकांसाठी बाईंनी चार व्याख्यानं दिली. तीही पुढे पुस्तकरूपानं आली.

तोंड वेडंवाकडं करणारा मुलगा

1936 मध्ये वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला अ‍ॅनाबाईंनी त्यांना आपलं नवं पुस्तक भेट दिलं. संरक्षण यंत्रणांवरचं, तेच ते. त्यात त्यांचे सहकारी ऑगस्ट आयकहॉर्न यांनी पाहिलेल्या एका मुलाची हकिकत आहे. आपण ती जरूर वाचावी अशी आहे.

प्राथमिक शाळेतला एक मुलगा. शिक्षक रागावले की तो तोंड असं वेडंवाकडं करायचा की सगळा वर्ग हसायचा. शिक्षकांना वाटलं, हा मुद्दाम चेष्टा करतोय, नाहीतर याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. आयकहॉर्न यांनी दोघांना समोरासमोर बसवून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. मुलाचा चेहरा म्हणजे शिक्षकांच्याच रागावलेल्या चेहऱ्याची नक्कल होती. ती तो जाणूनबुजून करत नव्हता. ज्याची भीती वाटते त्याच्यासारखंच होऊन तो भीतीला तोंड देत होता.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. मी रागावले की तो हसायचा. मला तो उद्धटपणा वाटायचा. मग मी आणखी चढ्या आवाजात बोलायचे आणि तो आणखी हसायचा. एकदा तर त्याला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं. ते हसू भीतीचं होतं की नाही, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण मी कधी नीट बघितलंच नाही, आणि दुःख त्याचंच आहे.

देश सोडावा लागला

1937 साली अ‍ॅनाबाईंनी व्हिएन्नात गरीब घरांतल्या दोन वर्षांखालच्या बाळांसाठी पाळणाघर सुरू केलं. वर्षभरात नाझी ऑस्ट्रियात घुसले. फ्रॉइड कुटुंब ज्यू. 22 मार्च 1938 रोजी गेस्टापो या गुप्त पोलिसांनी बाईंना चौकशीसाठी नेलं आणि दिवसभर ठेवून घेतलं. त्या सुखरूप परत आल्या, पण आता इथे राहणं शक्य नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलं. जूनमध्ये त्या आईवडिलांना घेऊन लंडनला पोचल्या. पुढच्या वर्षी, 23 सप्टेंबर 1939 ला वडील गेले. मागे राहिलेल्या चार आत्या नाझींच्या छळात संपल्या.

बॉम्बपेक्षा मोठी भीती

लंडनवर बॉम्ब पडत होते. घरं उद्ध्वस्त झालेली, वडील लढाईवर, आई कारखान्यात. अशा मुलांसाठी बाईंनी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या साथीनं हॅम्पस्टेड भागात बालगृहं सुरू केली. पैसा अमेरिकेतल्या एका मदत संस्थेकडून आला. काम करणाऱ्यांत बऱ्याच जणी त्यांच्यासारख्याच निर्वासित तरुणी होत्या. प्रत्येकीनं मुलांचं जे दिसेल ते कार्डावर लिहायचं, असा नियम होता. कोण जेवलं नाही, कोण अंथरूण ओलं करायला लागलं, कोणी कोणाला ओरबाडलं, सगळं.

या नोंदींतून जे दिसलं त्यानं तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. जी लहान मुलं बॉम्बहल्ल्यात आईजवळ होती, ती बऱ्यापैकी सावरत. आणि जी सुरक्षित ठिकाणी, पण आईपासून अचानक तोडून पाठवली होती, ती खचत. बोलायला लागलेलं मूल गप्प व्हायचं, शिकलेल्या सवयी विसरायचं. म्हणून बाईंनी आयांना कधीही भेटायला यायची मोकळीक दिली. शिवाय चार-चार मुलांमागे एक ताई ठरवून छोटी कुटुंबं केली. सुरुवातीला ताईवरून भयंकर भांडणं झाली. पण काही दिवसांतच मुलांचं बोलणं आणि सवयी झपाट्यानं सुधारू लागल्या.

युद्ध संपल्यावर, 1945 मध्ये, टेरेझिन छळछावणीतून सुटलेली सहा मुलं इंग्लंडला आणली गेली. वयं तीन वर्षांच्या आसपास आणि आईवडिलांची आठवणही नाही. बाईंच्या देखरेखीखाली सोफी आणि गर्ट्रूड डान या बहिणींनी त्यांना वर्षभर सांभाळलं. मुलं मोठ्या माणसांना चावायची, खेळणी मोडायची. पण एकमेकांना क्षणभर सोडायची नाहीत. खाऊ मिळाला तर आधी दुसऱ्याला द्यायची. आईचं प्रेम न मिळालेल्या या मुलांनी एकमेकांतच घर शोधलं होतं. हळूहळू ती मोठ्यांनाही आपलं म्हणू लागली.

किशोरवयाबद्दल

1947 साली बाईंनी लंडनमध्ये बालउपचारांचं प्रशिक्षण सुरू केलं आणि काही वर्षांत त्याला जोडून दवाखानाही उभा केला. 1958 मध्ये त्यांनी किशोरवयावर एक निबंध लिहिला. सातवी-आठवीच्या पालकांसाठी त्यातलं सार सांगते. या वयात मूल आज एक, उद्या दुसरं वागणार. आईबाबांवर चिडणार आणि त्यांच्याच मागे मागे फिरणार. ही उलथापालथ वाढीचाच भाग आहे. उलट ज्याच्यात काहीच बदल दिसत नाही, जे कायम आज्ञाधारक राहतं, त्या मुलाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आणि कधी कधी मुलापेक्षा आधाराची गरज पालकांनाच असते!

1965 च्या पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. फक्त लक्षण पाहून मुलाला लेबल लावू नका. खाणं, खेळ, मैत्री, स्वावलंबन अशा अनेक अंगांनी ते कुठवर पोचलंय हे बघा. सगळीकडे वाढ सारखी नसते.

अ‍ॅनाबाईंचं सगळंच निर्विवाद नव्हतं. त्यांचं स्वतःचं मनोविश्लेषण वडिलांनीच केलं होतं, ते आज कोणी योग्य मानणार नाही. मेलनी क्लाइन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते. त्यांचे काही निष्कर्ष थोड्या मुलांवरून काढलेले होते. पण मुलाकडे बघायची त्यांची रीत टिकली. 9 ऑक्टोबर 1982 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं आणि ती आजही मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करते.

मित्रांनो, आपण काही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि गरज असेल तिथे मुलाला तज्ज्ञांकडे पाठवलंच पाहिजे. पण कार्डावर नोंद करायला पदवी लागत नाही. मी यंदा एक शंभर पानी वही केली आहे. एखाद्या मुलाचा राग आला की आधी दोन ओळी लिहायच्या. काय घडलं, त्याच्या आधी काय घडलं आणि तेव्हा माझा चेहरा कसा होता. तिसरा प्रश्न लिहिताना अजूनही हात थांबतो. तुम्हीही एक महिना करून बघा. पालकांनो, तुमच्यासाठी घरातली जुनी डायरीसुद्धा चालेल.