ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर

ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर (१२ डिसेंबर, १९४३ : बफेलो, न्यू यॉर्क राज्य, अमेरिका – १७ डिसेंबर, १९९९ : न्यू यॉर्क शहर) हे एक अमेरिकन सॅक्सोफोनवादक, संगीतकार व ध्वनिमुद्रिका-निर्माते होते. सोल-जॅझ या शैलीतील आघाडीचे वादक आणि पुढे स्मूद जॅझ या नावाने रूढ झालेल्या शैलीच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून ते ओळखले जातात. आल्टो, टेनर, सोप्रानो आणि बॅरिटोन अशा चारही प्रकारच्या सॅक्सोफोनांवर त्यांचे प्रभुत्व होते. शिवाय ते बासरीही वाजवीत. मिस्टर मॅजिक (१९७५) आणि वाइनलाइट (१९८०) हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले अल्बम होत.

वॉशिंग्टन यांच्या अल्बमांमुळे जॅझ सॅक्सोफोन क्लबांच्या आणि जाणकारांच्या वर्तुळाबाहेर पडून सामान्य श्रोत्यांच्या घरी पोहोचला. ज्या गोडव्यामुळे हे घडले, त्याच गोडव्याबद्दल काही समीक्षकांनी त्यांना दोषही दिला. लोकप्रियता आणि जॅझची परंपरा यांपैकी एकीचीही साथ न सोडण्याचा त्यांचा प्रयत्न त्यांच्या जवळजवळ तीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांतून दिसून येतो.

प्रारंभिक जीवन

वॉशिंग्टन यांचा जन्म बफेलो येथील एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. त्यांची आई चर्चच्या गायकवृंदात गात असे. वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवीत आणि जॅझच्या जुन्या तबकड्यांचा संग्रहही करीत. लहानपणीच वडिलांनी त्यांच्या हाती सॅक्सोफोन दिला. चर्चमधील भक्तिगीते, घरातील जॅझच्या तबकड्या आणि शहरातील क्लबांमध्ये चालणारे ब्लूज अशा तीन प्रकारच्या संगीताचे संस्कार त्यांच्यावर एकाच वेळी झाले. कोवळ्या वयात लपूनछपून क्लबांत जाऊन ते नामवंत ब्लूज वादकांना ऐकत असत.

किशोरवयातच बफेलो सोडून ते फोर क्लेफ्स या फिरत्या वाद्यवृंदात सामील झाले. त्यानंतर काही काळ ओहायो राज्यातील मार्क थ्री ट्रिओ या संचात त्यांनी वादन केले. १९६५ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीखाली त्यांना सैन्यात जावे लागले. न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स येथे लष्करी बँडमध्ये असताना ड्रमवादक बिली कोबहॅम यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे स्वतः ख्यातनाम झालेल्या कोबहॅम यांनी त्यांची ओळख न्यू यॉर्कमधील वादकांशी करून दिली.

१९६७ मध्ये सैन्यातून मुक्त झाल्यावर ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले. हेच शहर पुढे त्यांची कर्मभूमी ठरले. सुरुवातीला केवळ वादनावर निर्वाह होत नसल्यामुळे ते तबकड्यांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे नोकरी करीत आणि रात्री क्लबांतून वाजवीत.

सोल-जॅझ आणि साथसंगत

त्या काळी आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांमधील क्लबांत सोल-जॅझ लोकप्रिय होते. विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन, गिटार, ड्रम आणि सॅक्सोफोन असा त्याचा लहानसा संच असे. वादनातील उत्स्फूर्त विस्तार जॅझचा, पण ठेका आणि भाव ब्लूज व चर्चसंगीताचा, अशी या शैलीची घडण होती. श्रोत्यांचे पाय थिरकले पाहिजेत, हा तिचा पहिला नियम होता.

या शैलीतील ऑर्गनवादकांना साथ करीतच वॉशिंग्टन घडले. लिऑन स्पेन्सर आणि जॉनी हॅमंड स्मिथ या ऑर्गनवादकांच्या तबकड्यांवर त्यांचे वादन आहे. त्यांपैकी स्मिथ यांचा ब्रेकआउट (१९७१) हा अल्बम कुडू या नव्या कंपनीने काढला होता. निर्माते क्रीड टेलर यांनी आपल्या सीटीआय या कंपनीची उपकंपनी म्हणून कुडू स्थापन केली होती. सोल संगीताकडे झुकणारे जॅझ प्रकाशित करणे, हे तिचे उद्दिष्ट होते. या कामामुळे वॉशिंग्टन टेलर यांना परिचित झाले.

इनर सिटी ब्लूज

वॉशिंग्टन यांचा स्वतःच्या नावावरील पहिला अल्बम एका योगायोगातून निघाला. सप्टेंबर १९७१ मध्ये टेलर यांनी आल्टो सॅक्सोफोनवादक हँक क्रॉफर्ड यांच्यासाठी ध्वनिमुद्रण ठरवले होते. संगीत-संयोजक बॉब जेम्स यांनी वाद्यवृंदाच्या रचना सिद्ध केल्या होत्या आणि वादकही ठरलेले होते. मात्र क्रॉफर्ड ध्वनिमुद्रणास येऊ शकले नाहीत. ते रद्द करण्याऐवजी टेलर यांनी वॉशिंग्टन यांना पाचारण केले. वॉशिंग्टन तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचे नेहमीचे वाद्य टेनर असताना येथे त्यांना दुसऱ्यासाठी बांधलेल्या रचना आल्टोवर वाजवाव्या लागल्या.

न्यू जर्सीतील इंगलवुड क्लिफ्स येथे, ध्वनिमुद्रण-तज्ज्ञ रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हा अल्बम मुद्रित झाला. शीर्षकगीत मार्व्हिन गे यांचे होते. शहरांतील गरिबी आणि अन्याय यांविषयीचे हे गीत त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. गे यांचे आणखी एक गीत आणि बिल विदर्स यांचे एक गीतही या अल्बममध्ये आहे. श्रोत्यांना शब्दांसह परिचित असलेली गाणी येथे शब्दांविना सादर झाली आणि गायकाची जागा सॅक्सोफोनने घेतली. वॉशिंग्टन आधी मूळ चाल स्पष्टपणे मांडीत व मगच तिचा विस्तार करीत. त्यामुळे जॅझची सवय नसलेला श्रोताही वाटेत हरवत नसे. ही पद्धत पुढे त्यांच्या शैलीची ओळख बनली. अल्बमला चांगला प्रतिसाद मिळाला आणि साथीदार म्हणून वावरणारा वादक स्वतंत्र कलावंत झाला.

कुडू कालखंड (१९७२–१९७७)

ऑल द किंग्ज हॉर्सेस (१९७२) आणि मूळ दोन भागांत निघालेला सोल बॉक्स (१९७३) या अल्बमांत बॉब जेम्स यांच्या भव्य संयोजनाचा ठसा आहे. सोल बॉक्समध्ये त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांबरोबर जॅझमधील जुन्या रचनाही आहेत. लष्करी बँडमधील सहकारी बिली कोबहॅम यांची टॉरियन मॅटॅडोर ही रचनाही त्यात समाविष्ट आहे.

मिस्टर मॅजिक (१९७५) या अल्बममुळे वॉशिंग्टन यांना देशव्यापी कीर्ती मिळाली. त्यात चारच रचना आहेत. तालवादक राल्फ मॅकडॉनल्ड आणि विल्यम सॉल्टर यांनी रचलेली शीर्षकरचना सुमारे नऊ मिनिटांची आहे. एरिक गेल यांची आटोपशीर गिटार, हार्वी मेसन यांचे ड्रम आणि एकच ठेका न सोडता हळूहळू चढत जाणारा सॅक्सोफोन यांमुळे ती नृत्यगृहांत आणि रेडिओवर सारखीच लोकप्रिय झाली. याच तबकडीवर बिली स्ट्रेहॉर्न यांची पॅशन फ्लॉवर ही जॅझ परंपरेतील संथ रचनाही आहे. बिलबोर्ड नियतकालिकाच्या जॅझ आणि सोल या दोन्ही याद्यांत हा अल्बम पहिल्या, तर सर्वसाधारण यादीत दहाव्या क्रमांकावर पोहोचला. केवळ वाद्यसंगीताच्या जॅझ तबकडीसाठी हे यश असामान्य होते. त्याच वर्षी निघालेल्या फील्स सो गुड या अल्बमनेही सर्वसाधारण यादीत दहावा क्रमांक गाठला.

यानंतरच्या अ सीक्रेट प्लेस (१९७६) मध्ये हर्बी हॅनकॉक यांची डॉल्फिन डान्स ही गुंतागुंतीची रचना त्यांनी निवडली. १९७७ मध्ये फिलाडेल्फियातील एका क्लबात लाइव्ह ॲट द बिझू हा अल्बम मुद्रित झाला. स्टुडिओतील वाद्यवृंदाऐवजी येथे त्यांचा स्वतःचा फिरता संच आहे. प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर लांबत जाणारे त्यांचे मोकळे वादन ऐकण्यासाठी हा अल्बम महत्त्वाचा मानला जातो.

करारातील गुंतागुंत

क्रीड टेलर यांच्या कंपनीच्या तबकड्यांचे वितरण १९७४ पासून मोटाउन ही कंपनी करीत होती. पुढे दोन्ही कंपन्यांत आर्थिक वाद निर्माण झाला आणि त्याची परिणती म्हणून वॉशिंग्टन यांचा करार मोटाउनकडे गेला. त्यामुळे रीड सीड (१९७८) आणि स्कायलार्किन (१९८०) हे अल्बम मोटाउनने काढले, तर मधला पॅराडाइज (१९७९) इलेक्ट्रा या कंपनीने प्रसिद्ध केला. एकाच वादकाचे नवे अल्बम या काळात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून बाजारात येत होते.

कलेच्या दृष्टीने मात्र हा काळ वॉशिंग्टन यांना स्वावलंबी करणारा ठरला. पूर्वी निर्माता आणि संयोजक यांनी आखलेल्या चौकटीत ते वाजवीत. आता निर्मितीची सूत्रे त्यांनी स्वतःच्या हाती घेतली आणि वादकांची निवड व स्वतःच्या रचना यांवर अधिक भर दिला.

वाइनलाइट

१९८० च्या उन्हाळ्यात मुद्रित झालेला वाइनलाइट हा वॉशिंग्टन यांचा सर्वोच्च यश मिळवणारा अल्बम होय. त्याची निर्मिती त्यांनी राल्फ मॅकडॉनल्ड यांच्यासह केली. स्टीव्ह गॅड (ड्रम), मार्कस मिलर (बेस गिटार), एरिक गेल (गिटार) आणि रिचर्ड टी (पियानो) असे त्या काळचे अव्वल साथीदार त्यांना लाभले होते. कुडूच्या अल्बमांतील भरगच्च वाद्यवृंद येथे नाही. प्रत्येक वाद्य मोजकेच वाजते आणि स्वरांमध्ये पुरेसा अवकाश राहतो. या संयमामुळे सॅक्सोफोनचा स्वर अधिक जवळचा वाटतो. यातील लेट इट फ्लो ही रचना वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाचे बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग यांना अर्पण केली आहे.

अल्बममधील सहा रचनांपैकी एकाच रचनेला गायन आहे. जस्ट द टू ऑफ अस हे ते गीत बिल विदर्स, मॅकडॉनल्ड आणि सॉल्टर यांनी लिहिले असून विदर्स यांनी गायले आहे. ज्या विदर्स यांचे गीत वॉशिंग्टन यांनी पहिल्या अल्बममध्ये शब्दांविना वाजवले होते, ते आता स्वतः त्यांच्या तबकडीवर गायक म्हणून आले. अल्बममध्ये सात मिनिटांहून अधिक चालणारे हे गीत स्वतंत्र तबकडीसाठी कापून लहान करण्यात आले. १९८१ मध्ये ते बिलबोर्डच्या मुख्य गीतयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तर अल्बम सर्वसाधारण यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. १९८२ च्या ग्रॅमी समारंभात वाइनलाइटला जॅझ फ्यूजन विभागातील वादनाचे पारितोषिक मिळाले. गीताला रिदम अँड ब्लूज विभागातील सर्वोत्तम गीताचे पारितोषिक मिळाले. ते अर्थात तिघा गीतकारांचे होते.

उत्तर कारकीर्द

वाइनलाइटनंतर वाद्यरचनांच्या जोडीला एखादे गायलेले गीत देण्याचा प्रघात वॉशिंग्टन यांनी पुढेही पाळला. कम मॉर्निंग (१९८१) मध्ये ग्रेडी टेट यांनी, तर द बेस्ट इज यट टू कम (१९८२) मध्ये पॅटी लाबेल यांनी गायन केले. इनसाइड मूव्ह्ज (१९८४) नंतर ते कोलंबिया या कंपनीत गेले. तेथील त्यांचा पहिला अल्बम स्ट्रॉबेरी मून (१९८७) हा होय.

लोकप्रियतेच्या या काळातही जॅझच्या मूळ परंपरेकडे ते पुन्हा पुन्हा वळत राहिले. गिटारवादक केनी बरेल यांच्यासह त्यांनी ब्लू नोट या नामांकित जॅझ कंपनीसाठी टुगेदरिंग (१९८५) हा अल्बम केला. देन अँड नाऊ (१९८८) मध्ये विजेवर चालणारी वाद्ये बाजूला सारून टॉमी फ्लॅनगन, हर्बी हॅनकॉक आणि रॉन कार्टर यांसारख्या ज्येष्ठांबरोबर त्यांनी पारंपरिक जॅझ वाजवले. ऑल माय टुमॉरोज (१९९४) हा संथ भावगीतांचा अल्बमही याच वळणाचा आहे. नेक्स्ट एग्झिट (१९९२) आणि सोलफुल स्ट्रट (१९९६) या अल्बमांत मात्र ते समकालीन नृत्यतालांकडे परतले.

निधन

१७ डिसेंबर, १९९९ रोजी, आपल्या छप्पन्नाव्या वाढदिवसानंतर पाचच दिवसांनी, वॉशिंग्टन सीबीएस वाहिनीच्या एका प्रभातकालीन कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी न्यू यॉर्कमध्ये आले होते. चार रचना वाजवून झाल्यावर विश्रांतिकक्षात ते अचानक कोसळले. त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. परंतु हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पेनसिल्व्हेनियातील वेस्ट लॉरेल हिल स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

ऑपेरामधील गीतांच्या चाली सॅक्सोफोनवर सादर करणारा त्यांचा आरिया हा अल्बम २००० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. पहिल्या अल्बमपासून त्यांनी सॅक्सोफोनला गायकाच्या जागी उभे केले होते. या अल्बममध्ये पाश्चात्त्य अभिजात गायनातील चालींसाठीही त्यांनी तेच केले.

मूल्यमापन आणि वारसा

स्मूद जॅझ हे नाव अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केले. वॉशिंग्टन यांचे महत्त्वाचे अल्बम त्यापूर्वीचे आहेत. केनी जी, नाजी यांसारख्या नंतरच्या वादकांनी ज्या वाटेने मोठा श्रोतृवर्ग मिळवला, ती वाट प्रामुख्याने मिस्टर मॅजिक आणि वाइनलाइट यांनी तयार केली होती. या शैलीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, तिच्यात जॅझमधील जोखीम आणि ताण उरत नाही व संगीत केवळ पार्श्वभूमीपुरते राहते. वॉशिंग्टन यांच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे लागू पडत नाही. त्यांच्या गुळगुळीत वाटणाऱ्या रचनांतही ब्लूजचा आर्त स्वर आणि क्लबांतील वर्षानुवर्षांच्या वादनातून आलेली तालाची पकड जाणवते. लाइव्ह ॲट द बिझू आणि देन अँड नाऊ हे अल्बम त्याची साक्ष देतात.

जस्ट द टू ऑफ अस या गीताच्या आधारे विल स्मिथ यांनी १९९७ मध्ये त्याच नावाचे नवे रॅप गीत केले. फिलाडेल्फिया शहरात वॉशिंग्टन यांचे भव्य भित्तिचित्र असून तेथील एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

निवडक अल्बम

इनर सिटी ब्लूज (१९७१)
ऑल द किंग्ज हॉर्सेस (१९७२)
सोल बॉक्स (१९७३)
मिस्टर मॅजिक (१९७५)
फील्स सो गुड (१९७५)
अ सीक्रेट प्लेस (१९७६)
लाइव्ह ॲट द बिझू (१९७७)
रीड सीड (१९७८)
पॅराडाइज (१९७९)
स्कायलार्किन (१९८०)
वाइनलाइट (१९८०)
कम मॉर्निंग (१९८१)
द बेस्ट इज यट टू कम (१९८२)
इनसाइड मूव्ह्ज (१९८४)
टुगेदरिंग (१९८५, केनी बरेल यांच्यासह)
स्ट्रॉबेरी मून (१९८७)
देन अँड नाऊ (१९८८)
नेक्स्ट एग्झिट (१९९२)
ऑल माय टुमॉरोज (१९९४)
सोलफुल स्ट्रट (१९९६)
आरिया (२०००, मरणोत्तर)