हुतात्मा भाई कोतवाल आणि भीतीचा पराभव

आपल्या मोहोपाड्याच्या ईशान्येस माथेरानचा डोंगर आहे. तेथे एका सामान्य नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पुढे सारा मुलूख त्यांस भाई कोतवाल या नावाने ओळखू लागला.

त्या काळी माथेरान हे साहेबलोकांचे हवा खाण्याचे ठिकाण होते. तेथे माणसेच माणसांच्या रिक्षा ओढीत. अशा ठिकाणी वाढलेला हा मुलगा वकील झाला व माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. पण वकिलीच्या प्राप्तीत त्यांचे मन रमले नाही.

कर्जत तालुक्यातील शेतकरी व आदिवासी बांधव सावकाराच्या भयाने ग्रासलेले होते. पावसाळ्यात खावटीसाठी भात उसने घ्यावयाचे आणि सुगीला ते वाढीसह फेडावयाचे, हा क्रम कधी संपत नसे. कागदावर काय लिहिले आहे हे ज्यास कळत नाही, तो कागदासच भितो. भाईंनी या भीतीच्या मुळावरच घाव घातला. वाड्यावस्त्यांवर त्यांनी स्वयंसेवी शाळा काढल्या व धान्यकोठ्या उभारल्या. अक्षर आले, कोठीत दाणा आला, तसतसा दबून राहणे हेच आपले नशीब हा समज ढळू लागला.

प्रस्तुत लेखकाने शाळेत हेच पाहिले आहे. भिऊ नकोस असे शंभरदा सांगून मुलाची भीती जात नाही. गणित उमगले म्हणजे ती आपोआप जाते.

१९४२ च्या आंदोलनात भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यात शेतकरी होते, तसेच त्या शाळांतील शिक्षकही होते. मुंबईच्या कारखान्यांस वीज नेणारे पोलादी मनोरे त्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात रात्रीबेरात्री पाडले. एरवी पोलिसाची चाहूल लागताच रानात दडणारी माणसे आता सरकारास आव्हान देत होती!

२ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्यास गाठले. गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते. विचार बदलल्याने संकट टळते असे नाही, हे यावरून कळते. संकट तेवढेच असते. त्यापुढे उभा राहणारा माणूस मात्र निराळा झालेला असतो.

ज्ञातिबांधवहो, आपला परंपरागत व्यवसाय सांगताना आजही आपल्यापैकी काहींचा आवाज खाली येतो. कचेरीत अर्ज देताना हात कापतो. भाईंच्या तसबिरीस हार घालणे योग्यच. परंतु २ जानेवारीस आपल्या मुलांना सिद्धगडावर न्यावे आणि हा पुरुष आपल्याच घरासारख्या घरात जन्मला, हे त्यांस तेथे सांगावे. मान वर करण्याचा पहिला धडा त्यांस तेथेच मिळेल.