जॉनी डोरन : रस्त्यावरचा वादक



१७ मार्चच्या संत पॅट्रिकच्या सणानिमित्त आयर्लंडचे संत आणि मिशनरी यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. यंदा आम्ही त्या देशातील एका वेगळ्याच माणसाची ओळख करून देणार आहोत. हा माणूस संत नव्हता, धर्मगुरूही नव्हता. बाजारात, जत्रेत वाद्य वाजवून तो आपले पोट भरीत असे.

जॉनी डोरन यांचा जन्म १९०८ च्या सुमारास झाला. त्यांचे कुटुंब विक्लो परगण्यातील रॅथन्यूचे, 'ट्रॅव्हलर' समाजातले. हा समाज कॅथलिक, पण पिढ्यानपिढ्या घोड्यांच्या गाड्यांतून गावोगाव हिंडणारा. पत्र्याची भांडी बनवणे, घोड्यांची खरेदी-विक्री ही त्यांची कामे. गावकऱ्यांना त्यांचे काम हवे असे, शेजार मात्र नको असे. जॉनींच्या पूर्वजांत जॉन कॅश हे नामांकित वादक होऊन गेले, वडीलही वाजवीत.

त्यांचे वाद्य होते 'इलन पाइप्स'. पोलिसांच्या बँडमधली बॅगपाईप तोंडाने फुंकतात. इलन पाइप्सला फुंकर लागत नाही. एका कोपराखाली छोटा भाता आणि दुसऱ्या कोपराखाली हवेची पिशवी असते. 'इलन' हा शब्दच कोपरावरून आला आहे. बोटांनी चाल वाजवायची, तीन नळ्या अखंड घुमत राहतात, शिवाय मनगटाने दाबायच्या चाव्या वेगळ्या. आपल्याकडे सनईला सूर धरायला दुसरा माणूस बसतो. इथे सारे एकट्यानेच करायचे. पुष्कळ वादक नळीचे तोंड मांडीवर टेकवून सूर तोडून वाजवतात. जॉनींचे वादन मोकळे, वाहते आणि दणदणीत होते. बाजाराच्या गलबल्यात तसेच वाजवावे लागते!

येथे आम्हां धर्मगुरूंना फारशी न रुचणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यासाठी परवाना सक्तीचा झाला. त्या कायद्यामागे धर्मगुरूंचा मोठा आग्रह होता आणि काही गावांत घरगुती नाचगाण्याच्या बैठकाही त्याच्या नावाखाली बंद पाडल्या गेल्या. तरुणांच्या नीतीची काळजी खरी होती. पण घराघरातले संगीत त्यात भरडले गेले, असे आमचे मत आहे. जॉनींना मात्र घरच नव्हते. ते बाजार, शर्यती आणि हर्लिंगचे सामने असतील तिथे उघड्यावर वाजवीत राहिले. १९३६ साली क्लेअर परगण्यातील विली क्लॅन्सी या तरुणाने त्यांना प्रथम ऐकले आणि तो या वाद्यामागे लागला. पुढे तो थोर वादक झाला.

संत ऑगस्टीन यांनी काळाचा विचार करताना गीताचे उदाहरण घेतले आहे : एक सूर उमटावा म्हणून आधीचा विरावा लागतो. जॉनींचे सारे वादन असेच विरून गेले असते. पण जॉन केली हे फिडलवादक मित्र होते. त्यांनी आयरिश लोकसाहित्य आयोगाकडे खटपट केली. १९४७ साली आयोगाच्या केव्हिन डॅनहर यांनी जॉनींचे वादन तबकड्यांवर मुद्रित केले. तेवढेच आज शिल्लक आहे.

आणि ते अगदी वेळेवर झाले. ३० जानेवारी १९४८, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच दिवस. डब्लिनमध्ये क्राइस्ट चर्चजवळ मोकळ्या जागेत जॉनींची गाडी उभी होती. वाऱ्याने एक भिंत गाडीवर कोसळली. कंबरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पक्क्या घरात राहणाऱ्यावर असा प्रसंग येता ना, हे मनात आल्यावाचून राहत नाही. जवळपास दोन वर्षे त्यांनी तशीच काढली. १९ जानेवारी १९५० रोजी किल्डेअर परगण्यातील अथाय येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ४२ च्या आसपास. रॅथन्यू येथेच त्यांना मूठमाती देण्यात आली.

विली क्लॅन्सी १९७३ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने मिलटाऊन मालबे येथे उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. जॉनींचे मुद्रण १९८८ साली कॅसेटवर आले. २०१७ साली युनेस्कोने इलन पाइप्सच्या वादनाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जॉनींच्या वळणाने वाजवणाऱ्यांत पॅडी कीनन यांचे नाव नेहमी घेतले जाते. तेही ट्रॅव्हलर कुटुंबातले, आणि त्यांचा जन्म जॉनी गेले त्याच, १९५० सालचा.