भस्मासुराचा हरवलेला पिक्चर

आपल्या यवतमाळच्या होस्टेलवर रात्र-रात्र जागून ड्रॅक्युला, गॉडझिला बघणारे खूप आहेत. पण एका मराठी माणसाने १९१३ मध्येच राक्षसावर पिक्चर काढला होता, हे कितीजणांना माहीत आहे? तो माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्यासाठी ते बरीच वर्षं फक्त एका अवॉर्डचं नाव होतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग... सगळं करून बघितलं! १९११ मध्ये येशूच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि आपले देव पडद्यावर आणायचं वेडच लागलं. विमा गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. भांडवल मिळावं म्हणून वाटाण्याचा वेल कसा वाढतो, ते एकेक फ्रेम घेऊन दाखवलं. फिल्मला भोकं पाडायचं, ती धुवायचं काम पत्नी सरस्वतीबाई करत.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. त्याच वर्षी त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. बायका पडद्यावर यायला तयार नसण्याच्या त्या काळात मोहिनी झाली कमलाबाई (विक्रम गोखले यांची आजी) आणि पार्वती झाल्या तिच्या आई, दुर्गाबाई कामत.

हा पिक्चर मी खूप शोधला. नाही मिळाला, कारण तो शिल्लकच नाही! तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. तिच्यातच ऑक्सिजन असतो, म्हणून पेटली की पाण्यातही विझत नाही. जळली नाही तरी उष्णतेने, दमटपणाने तिची भुकटी होते. कितीतरी रिळं तर चांदी काढायला विकली गेली. म्हणजे भस्मासुरासारखं, नाशाचं कारण तिच्या अंगातच!

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी ठिकठिकाणी फिरून रिळं जमवली. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज बघता येतो. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण होऊन कालिया नागाशी झुंजते. एकदा बघाच.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा शेवटचा पिक्चर. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.

तेव्हा वणी, पुसद, दारव्ह्याकडच्या मित्रांनो, घरच्या माळ्यावर किंवा जुन्या टॉकीजमध्ये गंजलेला फिल्मचा डबा दिसला तर भंगारात देऊ नका. जवळ काडी तर मुळीच ओढू नका! पुण्याला कळवा. काय सांगावं, आत भस्मासुर असेल!