डॅली मेसेंजर

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा हंगाम संपत आला, म्हणजे सिडनी शहरात दरवर्षी एक मोठा समारंभ होतो. प्रत्येक सामन्यानंतर परीक्षकांनी दिलेल्या गुणांची बेरीज होऊन वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरतो. हंगामाच्या उत्तरार्धातील गुण गुप्त राखतात, त्यामुळे नाव पुकारले जाईपर्यंत कोणासच खात्री नसते. त्या रात्री अर्पण होणाऱ्या पदकास डॅली एम असे म्हणतात. ज्याच्या नावाने हे पदक दिले जाते, त्यालाच एकेकाळी खेळासाठी पैसे घेतले म्हणून बहिष्कार सोसावा लागला होता.

हर्बर्ट हेन्री मेसेंजर याचा जन्म १२ एप्रिल १८८३ रोजी सिडनीतील बामेन या भागात झाला. घराणे नावाड्यांचे. आजोबा जेम्स हे इंग्लंडातील होड्यांच्या शर्यतींचे अजिंक्यवीर; वडील चार्ल्स होड्या बांधीत व स्वतः निष्णात वल्हेकरी होते. लहानपणी हर्बर्टचे पोट चांगलेच सुटलेले होते. त्या काळचे राजकीय पुढारी विल्यम बीड डॅली यांची शरीरयष्टी तशीच असल्याने घरच्यांनी कौतुकाने त्यास डॅली म्हणण्यास प्रारंभ केला. तेच नाव त्यास कायमचे चिकटले.

वडिलांच्या कारखान्यात काम करीत असतानाच तो रग्बीत नावारूपास आला. त्याची चेंडूस मारलेली लाथ दूरवरून अचूक गोलखांबांमधून जाई. धावता धावता प्रतिपक्षीयाच्या डोक्यावरून चेंडू फेकून पलीकडे आपणच तो झेलावा, असल्या क्लृप्त्या त्याला खेळताना ऐन वेळी सुचत. १९०७ साली तो ऑस्ट्रेलियाच्या संघात न्यूझीलंडविरुद्ध खेळला.

त्या वेळी सिडनीतील रग्बी युनियनच्या नियमाप्रमाणे खेळाडूने पै घेता कामा नये, असा दंडक होता. सामन्यांस हजारो लोक तिकिटे काढून येत. मात्र जायबंदी झालेल्या कामकऱ्याची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नसे. इंग्लंडच्या उत्तर भागातील संघ याच कारणावरून १८९५ साली वेगळे झाले होते. सिडनीतही तसाच नवा संघ स्थापण्याचा विचार जेम्स गिल्टिनन आणि सुप्रसिद्ध क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर यांनी चालविला. परंतु मेसेंजरवाचून प्रेक्षक येणार नाहीत, हे ते जाणून होते. ते त्याच्या घरी गेले. आईच्या संमतीवाचून तो मोठा निर्णय घेत नसे. तिने होकार दिल्यावरच त्याने तो मार्ग पत्करला, असे सांगतात.

ऑगस्ट १९०७ मध्ये न्यूझीलंडच्या धंदेवाईक संघाशी सामने झाले. पहिल्याच सामन्यास सुमारे वीस हजार लोक लोटले. इकडे युनियनने त्यास आजन्म बहिष्कृत केले आणि आपल्या नोंदींतून त्याचे पराक्रम खोडून टाकले. ज्या मैदानांवर त्याने नाव मिळविले, तेथे तो जणू कधी खेळलाच नव्हता! न्यूझीलंडच्या खेळाडूंनी मात्र त्यास आपल्याबरोबर इंग्लंडला नेले, आणि परक्यांच्या त्या संघात सर्वाधिक गुण त्यानेच मिळविले.

१९०८ साली सिडनीत रग्बी लीगचे सामने सुरू झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ इंग्लंडला गेला. लंडनमधील पहिल्या कसोटी सामन्यात मेसेंजर कर्णधार होता; तो सामना २२-२२ असा बरोबरीत सुटला. दौऱ्यात पैशाची मात्र मोठी खोट आली. गिल्टिननचे दिवाळे निघाले आणि खेळाडूंच्या परतीच्या भाड्याची तजवीज यजमानांनाच करावी लागली. नवा मार्ग वाटला होता तितका सुखाचा नव्हता.

पुढे ईस्टर्न सबर्ब्स या संघाने १९११, १९१२ व १९१३ अशी लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद जिंकले. त्यामुळे स्पर्धेची ढाल संघाकडे कायमची आली. ती संघाने आपल्या कर्णधारास, म्हणजे मेसेंजरलाच, भेट दिली. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

व्यवहारात त्यास मैदानावरची हातोटी लाभली नाही. खाणावळीच्या धंद्यात त्याचा जम बसला नाही, केळीच्या बागेतही यश आले नाही. अखेरीस सरकारी बांधकाम खात्यात त्याने सुतारकाम पत्करले. बालपणी होड्या बांधताना हाती घेतलेली हत्यारेच उतारवयात पोटास आली. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी गनेडा येथे त्याचा अंत झाला.

डॅली एम पारितोषिके १९८० साली सुरू झाली. पहिल्या वर्षीचा मानकरी रॉबर्ट लॉरी. जोनाथन थर्स्टन याने तर हे पदक चार वेळा पटकाविले. २००३ साली खेळाडू आणि चालक यांच्यात वेतनावरून तंटा झाला. खेळाडूंनी समारंभावर बहिष्कार घातला व त्या वर्षी पदक दिलेच गेले नाही. तडजोड झाल्यावर, २००४ साली, ते डॅनी ब्यूडेरस यास मिळाले.