दुसऱ्याची सायकल, आपला शब्द

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. मागच्या वर्षी सुट्टीत मला ॲफिलिएट मार्केटिंगचं वेड लागलं होतं. आमच्या सर-मॅडमपैकी ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वस्तू कंपनीची, दुकान दुसऱ्याचं, आपण फक्त एक लिंक पाठवायची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की ठरलेलं कमिशन आपल्याला. ना गोदाम, ना भांडवल, ना पार्सलची कटकट. हॉस्टेलच्या पोराला आणखी काय हवं? मी रोज ग्रुपवर पाच-दहा लिंका टाकू लागलो. दोन महिन्यांत ४०० रुपयांच्या आसपास कमाई झाली. मेसमध्ये थोडी कॉलरही ताठ झाली.

मग विंगमधल्या एका ज्युनिअरने माझ्या लिंकवरून घेतलेली पॉवर बँक तीन आठवड्यांत फुगली. तो भांडला नाही. ती मी स्वतः कधी वापरली होती का, एवढंच त्याने विचारलं. वापरणं सोडा, मी ती डोळ्यांनी पाहिलीही नव्हती! त्यानंतर माझ्या लिंका कुणी उघडेना. ते एक वेळ ठीक, पण परीक्षेआधी मी पाठवलेल्या नोट्ससुद्धा पोरं दुसऱ्या कुणाला तरी विचारून मगच घेऊ लागली. हे मात्र मनाला लागलं.

त्याच दिवसांत लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हाती आलं. आपल्याला किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिन आठवतं. पण या माणसाच्या धंद्याची सुरुवात पंपाने झाली नाही. ती झाली दुसऱ्याने बनवलेल्या सायकली विकून! म्हणजे आपण ज्या वाटेवर आज उभे आहोत, त्याच वाटेवर ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उभे होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं आणि यंत्रं. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? आपल्याकडे एक विषय राहिला तर पोरं आठवडाभर तोंड लपवतात. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा ठेवल्या. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. हीच आजची व्ही.जे.टी.आय. तेव्हा ती भायखळ्याला होती.

नोकरी चालू असतानाच त्यांची नजर सायकलीवर गेली. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. परदेशातून यायची, किंमत भारी, आणि मुंबईबाहेर ती पाहिलेली माणसं थोडी. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवत. रामूअण्णा त्या तिथे विकत. १८८८ साल हे किर्लोस्करांच्या उद्योगाचं आरंभवर्ष मानलं जातं आणि किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव या दोन भावांवरूनच आलं.

आता यातली गंमत पाहा. सायकल विकून या भावांचं काम संपत नसे. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवणं हाही त्यांच्या धंद्याचा भाग होता. मोडली तर दुरुस्त करायलाही बेळगावचं दुकान होतंच. ज्या माणसाने जन्मात सायकल पाहिली नाही तो ती नुसत्या जाहिरातीवर कशी घेणार? तो घ्यायचा ती समोर उभ्या असलेल्या किर्लोस्करांकडे पाहून. सायकल परदेशी होती, पण तिच्यामागचा शब्द बेळगावचा होता.

माझ्या धंद्यात नेमकं हेच नव्हतं. मी जे विकत होतो ते मला चालवता येत नव्हतं, शिकवता येत नव्हतं आणि बिघडलं तर दुरुस्तही करता येत नव्हतं. म्हणून नवख्यांसाठी पहिला धडा असा, की जी वस्तू आपण वापरली आहे, जिच्याबद्दल कुणी रात्री अकरा वाजता दार वाजवून विचारलं तरी उत्तर देता येईल, तीच सुचवावी. ड्रॉइंगचा चांगला बोर्ड, सोल्डरिंग गन, कॅल्क्युलेटर यांतलं आपल्याला खरंच कळतं. मग पॉवर बँक आणि केसांचं तेल कशाला?

आणखी एक फरक आहे. दुकानावर पाटी असते. आत गेलेल्या माणसाला ठाऊक असतं की विकणाऱ्याला यात नफा आहे. आपल्या लिंकेवर अशी पाटी नसते. ती मित्राने मित्राला दिलेल्या सल्ल्यासारखी दिसते. म्हणून यात मला कमिशन मिळतं हे आपणच लिहायचं असतं. विकणाऱ्याशी असलेला संबंध उघड करावा असं भारतात २०२२ मध्ये आलेल्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितलं आहे. पण कायद्याच्या आधी ही साधी माणुसकीची गोष्ट आहे.

पुन्हा लक्ष्मणरावांकडे वळू. त्यांनी धंद्याच्या पहिल्या कमाईवर नोकरीला रामराम ठोकला नाही. बरीच वर्षं शिकवणं आणि सायकली एकत्र चालू होतं. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला ती जागा मिळाली. हा अपमान त्यांना सहन झाला नाही. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. तोवर तिथे दुकान उभं होतं, गिऱ्हाइकं ओळखीची होती, भाऊ पाठीशी होता. तेव्हा जे मित्र पहिल्या हजार रुपयांवर डिग्री सोडायच्या गोष्टी करतात त्यांनी ही वर्षं जरूर मोजावीत!

बेळगावात त्यांनी पुढे पवनचक्क्यांचीही एजन्सी घेतली. पण एजन्सीच्या धंद्याला एक मर्यादा असते. माल दुसऱ्याचा, किंमत दुसऱ्याची, कमिशनही त्याच्याच मर्जीचं. आजही वेगळं काय आहे? अमेरिकेत ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये ॲफिलिएट मंडळींचे दर कमी केले आणि फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आलं. ज्यांनी सगळा संसार त्या एका कंपनीवर मांडला होता, त्यांच्या हातात तक्रार करण्यापलीकडे काही नव्हतं.

लक्ष्मणरावांनी दुसऱ्याचा माल विकता विकता एक गोष्ट मिळवली होती. आपल्या भागातल्या माणसाला काय हवं आहे, याची पारख. हा मुलूख शेतकऱ्यांचा. म्हणून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रं बनवायला घेतली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली. मित्रांनो, दोन वर्षं! मी दोन दिवस लिंकवर क्लिक आला नाही की वस्तू बदलत होतो. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ज्याचं पोटच जमिनीवर आहे तो नवं अवजार तपासूनच घेणार. लक्ष्मणरावांनी ती वाट पाहिली.

मग आणखी एक संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी त्यांची जागा हवी होती. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचं कर्जही दिलं. जागा होती ३२ एकर, पण कशी? निवडुंगाचं रान आणि त्यात नाग! १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तिथे लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांच्यावर गावाने विश्वास टाकला नसता त्यांच्या हाती त्यांनी कारखाना सोपवला. माणसाच्या शब्दाला किंमत असते असं मानणारा माणूसच हे करू शकतो.

माल वाढला तशी जाहिरातीची गरज पडली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्याकडे ते काम होतं. त्यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. मुळात ते कारखान्याचं, पण नुसती नांगराची स्तुती किती दिवस कोण वाचणार? हळूहळू त्यात लोकांच्या उपयोगाचं आणि आवडीचं लेखन येत गेलं. त्यातूनच किर्लोस्कर हे मराठीतलं नामवंत मासिक घडलं. पाठोपाठ १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकंही निघाली. म्हणजे आज ज्याला आपण कन्टेन्ट म्हणतो त्याचा वस्तुपाठ किर्लोस्करवाडीने तेव्हाच घालून दिला होता. आधी वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही द्या, माल त्याच्या मागून जातो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर पंप, तेलावरची इंजिनं, विजेच्या मोटारी असा पसारा त्यांच्या पुढच्या पिढीने उभा केला होता. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढलं. यात कुठेही जादू नव्हती. दुसऱ्याच्या मालापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसतं. मात्र माल दुसऱ्याचा असला तरी गिऱ्हाईक आपलं असतं. कमिशनचा दर कंपनी बदलते, वस्तू बंद पडते, धंदाही बदलावा लागतो. ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला तो माणूस टिकला, तर पुढचं सगळं उभं करता येतं.

चरित्र परत करून आलो त्या रात्री मी त्या ज्युनिअरच्या खोलीवर गेलो. पॉवर बँकचे पैसे त्याच्या हातात ठेवले. कमिशनच्या कमाईत ते बसत नव्हते, वर साडेतीनशे रुपये खिशातून गेले. तो घेत नव्हता, बळेच दिले. आता महिन्याला एखादीच लिंक टाकतो. वस्तू महिनाभर वापरून झालेली असते, तिचे दोष आधी लिहितो आणि खाली कमिशनची पाटी लावतो. कमाई फार नाही. पण मागच्या आठवड्यात तोच ज्युनिअर दार वाजवून आत आला आणि कुठला कॅल्क्युलेटर घेऊ म्हणून विचारून गेला.